गाभण शेळीनं घालवली दवाखान्याची भीती, डॉ. रखमाबाईंची गोष्ट

तेलगाव : बाळंतपणाला दवाखान्यात नेलेली बाई परत येते का, ही धास्ती सव्वाशे वर्षांपूर्वी घरोघर होती. एका मराठी डॉक्टरणीनं ही भीती अंगावर घेतली. त्या डॉ. रखमाबाई राऊत.

जन्म मुंबईत, २२ नोव्हेंबर १८६४ चा. अकराव्या वर्षी लग्न लागलं, पण त्या माहेरीच राहिल्या. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरात पुस्तकं होती, तिथंच वाचायची गोडी लागली. १८८४ ला नवरा दादाजी भिकाजी, बायको नांदायला पाठवा म्हणून हायकोर्टात गेला. रखमाबाईंनी साफ नकार दिला. न कळत्या वयात लावलेलं लग्न त्यांना मान्य नव्हतं. पहिला निकाल त्यांच्या बाजूनं लागला, पण १८८७ ला पारडं फिरलं. नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद! त्यांनी कैदेची तयारी ठेवली. 'केसरी'नं त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. अखेर १८८८ ला दोन हजार रुपये देऊन सुटका झाली. ऊसतोडीला जायच्या आधी पोरीचं लग्न उरकणाऱ्या आपल्या भागानं हा खटला वाचायलाच पाहिजे.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांच्या मदतीनं त्या १८८९ ला लंडनला गेल्या, १८९४ ला डॉक्टर झाल्या. पुढच्या वर्षी सुरतच्या बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या. दवाखाना होता, पण बाळंतपणाला कुणी येईना. तेव्हा त्यांनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणली अन् तिची सुखरूप सुटका करून बायकांना दाखवली, असं सांगतात. शेळी अडली की काय होतं हे शेळ्या पाळणाऱ्याला वेगळं सांगायला नको. ते बघून बायकांचा धीर वाढला.

आज नर्सताई प्लास्टिकच्या बाहुलीवर हात बसवतात. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटातच पिशवी-मास्कनं श्वास द्यायचा असतो. तेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसतो.

सुरतनंतर रखमाबाई राजकोटच्या दवाखान्यात गेल्या. पस्तीस वर्षांच्या आसपास नोकरी झाली. दादाजी वारल्यावर मात्र त्यांनी विधवेचा वेश घेतला. ज्याच्याशी उभा जन्म नांदल्या नाहीत त्याच्यासाठी! याचं कोडं भल्याभल्यांना सुटलेलं नाही. २५ सप्टेंबर १९५५ ला नव्वदाव्या वर्षी त्यांचं निधन झालं.