शिक्षक बाबासाहेब आणि वर्गातले राजकारण

परभणीच्या रेल्वे स्थानकासमोर बाबासाहेबांचा पुतळा आहे. त्या पुतळ्यापुढे काचेच्या पेटीत ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची १० डिसेंबर २०२४ रोजी विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली आणि १५ डिसेंबर रोजी कायद्याचे शिक्षण घेणारे सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावले. परभणीपासून पूर्णा, जिंतूर, गंगाखेडपर्यंतच्या वर्गांतून बसलेल्या मुलांच्या मनात त्या दिवसांत प्रश्न असणारच. ज्या संविधानाची उद्देशिका आपल्या पाठ्यपुस्तकात छापलेली आहे, त्याच संविधानासाठी गावात एवढे का घडले? अशा वेळी गुरुजींनी काय करावे? बोलले तर राजकारण केल्याचा ठपका बसतो आणि न बोलता धड्याचे पान उलटले तर मुलाचा प्रश्न तसाच राहतो.

शिक्षकाने आपली राजकीय मते वर्गात मांडावीत की नाही, हा प्रश्न आता सगळीकडेच विचारला जातो. आम्हाला वाटते, तो बाबासाहेबांच्या जीवनालाच विचारला पाहिजे. घटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण ते तीन वेळा सरकारी महाविद्यालयात शिक्षक म्हणून उभे राहिले, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

पहिल्यांदा त्यांनी वर्ग पाहिला तो विद्यार्थी म्हणून. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवाचे नाव दाखल झाले. तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या शाळेत भिवाला बसायला घरून आणलेले गोणपाट होते आणि तहान लागली तर पाणी वरून ओतणाऱ्या शिपायाची वाट पाहणे होते. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुले ते उचलायला धावली. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना फारसी घ्यावी लागली. या वर्गांत कोणी कोणत्या पक्षाचे नाव घेतले नव्हते. तरीही कोणी कुठे बसावे, पाणी कसे प्यावे आणि कोणती भाषा शिकावी, हे सारे तिथे ठरत होते. वर्गात राजकारण आणू नका असे सांगणाऱ्यांनी हा गोणपाटाचा तुकडा आधी आठवावा. व्यवस्थेचे राजकारण वर्गात आधीपासूनच बसलेले होते आणि शिक्षकाचे गप्प राहणे हा त्याला पाठिंबाच होता.

पण त्याच काळात त्यांना एक वेगळा शिक्षकही भेटला. कृष्णाजी अर्जुन केळुस्कर हे विल्सन हायस्कुलातले शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसलेला हा मुलगा त्यांच्या नजरेस पडला. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्कार सभेत केळुस्करांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळुस्करांना स्वतःची ठाम मते होती आणि ती त्यांनी लपवली नाहीत. मात्र ती त्यांनी या मुलावर लादलीही नाहीत. एक पुस्तक हाती दिले आणि पुढच्या शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. त्या पुस्तकापासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेपर्यंत एकोणपन्नास वर्षे गेली. एवढी वर्षे वाचून, तपासून, पडताळून मगच बाबासाहेबांनी निर्णय घेतला. शिक्षकाने मत द्यावे ते असे.

नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबियातले आणि लंडनमधले शिक्षण पाठीशी असलेल्या या प्राध्यापकाने शिक्षकांच्या खोलीतल्या माठातले पाणी पिण्याला काही सहकाऱ्यांनीच हरकत घेतली. सुरुवातीला विद्यार्थ्यांनीही त्यांना फारसे मोजले नाही. पण त्यांची तयारी आणि विषयाची मांडणी अशी होती की थोड्याच दिवसांत दुसऱ्या महाविद्यालयांतले विद्यार्थीही त्यांचे व्याख्यान ऐकायला येऊ लागले. जातीचा अडथळा त्यांनी या वर्गात ओलांडला तो आपल्या विद्वत्तेने.

मग त्या काळात ते राजकारणापासून दूर होते काय? मुळीच नाही. जानेवारी १९१९ मध्ये साऊथबरो समितीपुढे साक्ष देऊन त्यांनी अस्पृश्यांसाठी मताधिकार आणि प्रतिनिधित्व मागितले. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. सरकारी नोकरीत असल्यामुळे संपादक म्हणून त्यांचे नाव छापता येत नव्हते, म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव संपादक म्हणून गेले. पण नोकरीच्या आडोशाने चळवळ फार दिवस चालवावी असे त्यांनी मानले नाही. मार्च १९२० मध्ये त्यांनी प्राध्यापकपद सोडले आणि त्याच महिन्यात माणगाव परिषदेच्या अध्यक्षपदावरून उघडपणे समाजापुढे आले. दरमहा साडेचारशे रुपयांची नोकरी त्या काळी काही लहान नव्हती.

दुसऱ्यांदा ते वर्गात गेले ते जून १९२८ मध्ये, मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात. महाडचा सत्याग्रह आणि मनुस्मृतीचे दहन १९२७ मध्येच झालेले होते, तेव्हा आपले प्राध्यापक कोण आहेत हे विद्यार्थ्यांना ठाऊक होते. देशभर सायमन कमिशनवर बहिष्कार असताना बाबासाहेबांनी कमिशनपुढे जाऊन प्रौढ मताधिकार मागितला आणि अस्पृश्यांसाठी संयुक्त मतदारसंघात राखीव जागा मागितल्या. याचा राग धरून त्यांच्याच विद्यार्थ्यांनी त्यांच्या तासावर बहिष्कार टाकला. आज शिक्षकाच्या मतांवरून जो गदारोळ उठतो, तो बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी सोसलेला आहे. त्यांनी आपली भूमिका बदलली नाही. जे सांगायचे ते कमिशनपुढे, स्वतःच्या नावाने आणि कागदावर सांगितले. ज्या मताधिकारासाठी त्यांना देशद्रोही ठरवले गेले, तो प्रौढ मताधिकार पुढे संविधानाने प्रत्येक भारतीयाला दिला, बहिष्कार टाकणाऱ्यांनाही दिला.

तिसरी वेळ जून १९३५ ची. २७ मे रोजी माता रमाई गेल्या आणि त्या दुःखातच बाबासाहेबांनी त्याच विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. प्राचार्य असतानाच १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला, १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेत निवडून आले, खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक त्यांनी मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. म्हणजे सरकारी महाविद्यालयाचा प्राचार्यच सरकारला जाब विचारत होता. तरीही त्याच काळात महाविद्यालयाच्या नियतकालिकात त्यांनी लेख लिहिला तो कायद्याच्या शिक्षणात सुधारणा कशी करावी यावर. प्राचार्याचे काम त्यांनी प्राचार्य म्हणून केले आणि राजकारण मैदानात व सभागृहात केले. १९३८ मध्ये त्यांनी ते पद सोडले.

पुढे त्यांनी स्वतःच शिक्षणसंस्था काढली. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची संसद भरत असे आणि तिथे हिंदू कोड बिलासारखा ज्वलंत विषयही चर्चेला येई. निजामाच्या राजवटीत पदवीचे शिक्षण मराठवाड्याला जवळपास पारखेच होते. तिथे १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय उघडले आणि त्याला मिलिंदाचे नाव दिले. भिक्खू नागसेनांना प्रश्नांवर प्रश्न विचारणारा आणि उत्तरे पटली तेव्हाच धम्माकडे वळलेला हा ग्रीक राजा. संस्थापकाने ठरवले असते तर महाविद्यालयाला नागसेनांचे, म्हणजे उत्तर देणाऱ्याचे नाव देता आले असते. परिसराला नागसेनवन म्हटले गेले, पण महाविद्यालय प्रश्न विचारणाऱ्याच्या नावाने उभे राहिले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली आमची मुले याच महाविद्यालयात शिकली. पुढे तिथेच शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले आणि दलित साहित्याला व्यासपीठ मिळाले.

या जीवनातून आम्हाला उत्तर सापडते ते असे. समता, बंधुता आणि माणसाची प्रतिष्ठा ही कोणा पक्षाची मते नाहीत. ती संविधानाची आज्ञा आहे आणि ती वर्गात शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. परभणीत काय घडले असे मुलाने विचारले तर त्याला संविधान म्हणजे काय, अटक झालेल्या माणसाचे हक्क कोणते, दगडफेकीने काय बिघडते आणि न्यायालयात दाद कशी मागायची, हे शिक्षकाने सांगितलेच पाहिजे. तो प्रश्न टाळणे म्हणजे मुलाला पुन्हा गोणपाटावर बसवणे आहे.

पण मत कोणाला द्यावे, हे सांगण्यासाठी वर्ग नाही. शिक्षकाच्या हातात गुण असतात आणि मूल समोरून उठून जाऊ शकत नाही. हे आम्ही आमच्या चळवळीतल्या शिक्षकांनाही सांगतो. चळवळीला शिक्षकांनी मोठा आधार दिला आहे, म्हणूनच सांगतो. आपल्या विचाराचा नसलेला विद्यार्थीही आपल्या वर्गात निर्धास्त बसला पाहिजे. शिक्षकाला राजकारणासाठी संविधानाने वेगळी जागा दिली आहे. कलम १७१ प्रमाणे विधान परिषदेत शिक्षकांचा मतदारसंघ आहे आणि परभणीचे माध्यमिक व महाविद्यालयीन शिक्षक त्या हक्काने मतदान करतात. ज्यांना याहून पुढे जाऊन पक्षाचे काम करायचे आहे आणि नोकरीचे नियम आड येतात, त्यांच्यापुढे मार्च १९२० चा राजीनामा आहे.

वर्गात मात्र केळुस्करांसारखे पुस्तक द्यावे आणि मिलिंदासारखे प्रश्न विचारू द्यावेत. परभणीच्या त्या काचेच्या पेटीतले संविधान वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या हाती देणारा शिक्षकच बाबासाहेबांचा खरा वारस ठरेल. जयभीम!