किंग ऑलिव्हर

जोसेफ नेथन ऑलिव्हर ऊर्फ किंग ऑलिव्हर (जन्म: सुमारे १८८१, लुईझियाना, मृत्यू: एप्रिल १९३८, सव्हाना, जॉर्जिया) हे अमेरिकन कॉर्नेटवादक, संगीतरचनाकार आणि जॅझ वाद्यवृंदाचे प्रमुख होते. न्यू ऑर्लिन्स शहरात आकारास आलेली सामूहिक वादनाची शैली त्यांनी शिकागोस नेली. लुई आर्मस्ट्राँग यांचे ते गुरू होत. त्यांच्या क्रिओल जॅझ बँडने १९२३ साली केलेली ध्वनिमुद्रणे जॅझच्या इतिहासातील आद्य आणि सर्वांत महत्त्वाच्या दस्तऐवजांत गणली जातात. ही ध्वनिमुद्रणे वेगवेगळ्या कंपन्यांनी, वेगवेगळ्या तंत्रांनी आणि कमीअधिक दर्जाच्या तबकड्यांवर काढली. त्यामुळे ऑलिव्हर यांचे वादन मुळात कसे होते, हा प्रश्न जुन्या तबकड्यांच्या संग्रहणाशी आणि तौलनिक अभ्यासाशी जोडला गेला आहे.

पूर्वायुष्य

ऑलिव्हर यांचा जन्म लुईझियाना राज्यातील डोनाल्डसनव्हिल गावाच्या परिसरात झाला. त्यांच्या जन्मवर्षाबद्दल एकमत नाही. जुन्या संदर्भग्रंथांत १८८५ हे वर्ष आढळते, तर नंतरचे अभ्यासक १८८१ हे वर्ष ग्राह्य धरतात. बालपणीच ते न्यू ऑर्लिन्सला आले. लहान वयात झालेल्या इजेमुळे त्यांची एका डोळ्याची दृष्टी गेली होती. प्रथम ट्रॉम्बोन आणि नंतर कॉर्नेट हे वाद्य त्यांनी आत्मसात केले. कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखे, परंतु आखूड बांध्याचे पितळी वाद्य आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते शहरातील मिरवणुकांत वाजवणाऱ्या पितळी वाद्यवृंदांत आणि रात्री नृत्यगृहांत वादन करीत. काही काळ दिवसा त्यांनी घरगड्याचीही नोकरी केली. पुढे ट्रॉम्बोनवादक किड ओरी यांच्यासमवेत त्यांनी चालवलेला वाद्यवृंद शहरातील अग्रगण्य वाद्यवृंदांपैकी एक मानला जाई. ‘किंग’ ही उपाधी त्यांना याच काळात मिळाली. कॉर्नेटच्या तोंडाशी वाटी, पेला अथवा रबरी म्यूट धरून मानवी आवाजाचा भास निर्माण करणे हे त्यांच्या वादनाचे वैशिष्ट्य होते. किशोरवयीन लुई आर्मस्ट्राँग यांना त्यांनी मार्गदर्शन केले आणि आपले एक जुने कॉर्नेटही दिले.

शिकागो आणि क्रिओल जॅझ बँड

१९१७ मध्ये न्यू ऑर्लिन्समधील स्टोरीव्हिल ही करमणुकीची वस्ती सरकारी आदेशाने बंद झाली. त्याच सुमारास दक्षिणेतील लक्षावधी कृष्णवर्णीय कामाच्या शोधात उत्तरेकडील औद्योगिक शहरांत स्थलांतर करीत होते. ऑलिव्हर १९१८ च्या सुमारास शिकागोस गेले. ओरी यांच्या वाद्यवृंदातील त्यांची जागा आर्मस्ट्राँग यांनी घेतली. १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात काही काळ घालवून ऑलिव्हर १९२२ मध्ये शिकागोस परतले आणि शहराच्या दक्षिण भागातील लिंकन गार्डन्स या नृत्यगृहात त्यांचा क्रिओल जॅझ बँड नियमित वाजू लागला.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी आर्मस्ट्राँग यांना दुसरे कॉर्नेटवादक म्हणून बोलावून घेतले. जॉनी डॉड्स (क्लॅरिनेट), ओनोरे डुट्रे (ट्रॉम्बोन), लिल हार्डिन (पियानो), बिल जॉन्सन (बास व बँजो) आणि बेबी डॉड्स (ड्रम) हे इतर प्रमुख वादक होते. दोन कॉर्नेटांनी एकाच क्षणी, पूर्वतयारीचा मागमूस न दाखवता जुळवून वाजवलेले छोटे तुकडे हे या वाद्यवृंदाचे मोठे आकर्षण ठरले. ते ऐकण्यासाठी शिकागोतील तरुण गौरवर्णीय वादकही तेथे येत असत.

१९२३ ची ध्वनिमुद्रणे

१९२० मध्ये ओके कंपनीने काढलेल्या मेमी स्मिथ यांच्या ‘क्रेझी ब्लूज’ या तबकडीचा मोठा खप झाला आणि कृष्णवर्णीय कलावंतांच्या ध्वनिमुद्रिकांना बाजारपेठ असल्याचे कंपन्यांच्या लक्षात आले. याच काळातील एका पेटंट खटल्यानेही लहान कंपन्यांना वाट मोकळी करून दिली. तबकडीवरील खाच दोन प्रकारे कोरता येत असे. उभ्या पद्धतीत सुई खाचेत वरखाली हलते, तर आडव्या पद्धतीत ती डावीउजवीकडे हलते. घरोघरचे बहुसंख्य ग्रामोफोन आडव्या खाचेसाठी बनवलेले होते आणि त्या पद्धतीच्या पेटंटांवर व्हिक्टर कंपनी हक्क सांगत होती. इंडियाना राज्यातील रिचमंड येथील स्टार पियानो कंपनीच्या जेनेट या लेबलने आरंभी उभी खाच वापरली आणि १९१९ मध्ये आडवी खाच स्वीकारली. त्यावर व्हिक्टरने खटला भरला, परंतु १९२२ पर्यंत न्यायालयांनी स्टारच्या बाजूने कौल दिला. त्यामुळे कोणत्याही सामान्य ग्रामोफोनवर वाजू शकतील अशा तबकड्या काढणे लहान कंपन्यांना शक्य झाले.

५ आणि ६ एप्रिल १९२३ रोजी क्रिओल जॅझ बँडने रिचमंड येथे जेनेटसाठी पहिले ध्वनिमुद्रण केले. ‘कॅनल स्ट्रीट ब्लूज’, ‘डिपर माउथ ब्लूज’, ‘स्नेक रॅग’ आणि ‘चाइम्स ब्लूज’ या रचना त्यात होत्या. ‘चाइम्स ब्लूज’मध्ये आर्मस्ट्राँग यांचे पहिले मुद्रित एकल वादन ऐकू येते. ‘डिपर माउथ ब्लूज’मधील ऑलिव्हर यांचे म्यूट लावून केलेले एकल वादन पुढील पिढीतील वादकांनी जवळजवळ जसेच्या तसे उचलले. त्याच वर्षी या वाद्यवृंदाने ओके, कोलंबिया आणि पॅरामाउंट या कंपन्यांसाठीही ध्वनिमुद्रणे केली. वर्षभरात मुद्रित झालेल्या बाजूंची एकूण संख्या तीसहून अधिक आहे.

ही सर्व ध्वनिमुद्रणे कर्ण्याच्या पद्धतीने झाली. मायक्रोफोन नव्हता. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहत आणि ध्वनीच्या दाबाने हलणारी सुई मेणाच्या जाड तबकडीवर खाच कोरी. आवाजांचा समतोल केवळ कर्ण्यापासूनच्या अंतराने साधावा लागे. आर्मस्ट्राँग यांचा स्वर जोरकस असल्याने त्यांना इतरांपासून बरेच दूर उभे केले गेले, अशी आठवण लिल हार्डिन यांनी नोंदवली आहे. मोठ्या ड्रमच्या आघाताने सुई उडण्याची भीती असल्याने बेबी डॉड्स यांना मुख्यतः लाकडी ठोकळ्यांवर ताल धरावा लागला. बिल जॉन्सन यांनी जेनेटच्या एप्रिलमधील मुद्रणात बासऐवजी बँजो वाजवला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच संगीत मावत असल्याने नृत्यगृहात दीर्घकाळ रंगणाऱ्या रचनाही तेवढ्यात आटोपाव्या लागत. तबकड्यांतून ऐकू येणारा क्रिओल जॅझ बँड हा लिंकन गार्डन्समधील बँडचा असा संक्षेप आहे.

मुद्रणप्रकारांची तुलना

काही रचना ऑलिव्हर यांनी एकाच वर्षात दोन कंपन्यांसाठी वाजवल्या. ‘डिपर माउथ ब्लूज’ (जेनेट ५१३२ आणि ओके ४९१८) व ‘स्नेक रॅग’ या जेनेट आणि ओके दोन्ही लेबलांवर आहेत, तर ‘मेबल्स ड्रीम’ व ‘रिव्हरसाइड ब्लूज’ या ओके आणि पॅरामाउंटवर आहेत. वाद्यवृंद आणि रचना तीच असताना ऐकू येणाऱ्या आवाजात पडणारा फरक वादकांमुळे किती, कक्षामुळे किती आणि तबकडीमुळे किती, हे तपासण्याची दुर्मीळ संधी या जोड्यांमुळे मिळते.

त्या काळच्या तबकड्या लाख, खनिज भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणातून दाबून तयार होत. त्यांना लागणारी लाख मुख्यतः भारतातून जात असे. मिश्रणात लाखेचे प्रमाण कमी आणि भुकटी भरड असेल, तर सुईची खरखर वाढते. विस्कॉन्सिन चेअर कंपनी या खुर्च्या बनवणाऱ्या उद्योगाच्या मालकीच्या पॅरामाउंटच्या तबकड्या या बाबतीत कुप्रसिद्ध आहेत. याउलट कोलंबियाने १९२३ पासून थरांची तबकडी आणली. तिचा गाभा भरड आणि वरचा पातळ थर बारीक मिश्रणाचा असल्याने पृष्ठभाग बराच शांत असे. ऑलिव्हर यांच्या कोलंबियावरील मोजक्या बाजूंना संग्राहक महत्त्व देतात, त्याचे हे एक कारण आहे.

तुलना करताना तबकडीवर उमटलेला मॅट्रिक्स क्रमांक पाहिला जातो. त्यावरून मूळ मेणाची तबकडी कोणती आणि त्या रचनेचा कितवा टेक वापरला, हे कळते. पॅरामाउंटने ‘मेबल्स ड्रीम’ आणि ‘सदर्न स्टॉम्प्स’ यांचे प्रत्येकी दोन टेक त्या-त्या रचनेच्या एकाच विक्री क्रमांकाखाली बाजारात आणले. त्यामुळे लेबल सारखे दिसले तरी दोन प्रतींतील वादन वेगळे असू शकते. हेच मुद्रण प्युरिटन आणि क्लॅक्स्टोनोला या स्वस्त लेबलांवरही निघाले. त्यामुळे मुख्य लेबलाची प्रत झिजलेली असल्यास या उपलेबलांच्या प्रतींतून अधिक स्वच्छ आवाज मिळण्याची शक्यता असते.

वेग हाही वादाचा विषय आहे. मिनिटाला ७८ फेरे हे प्रमाण त्या काळी सर्वत्र काटेकोरपणे पाळले जात नव्हते. वेग चुकला की रचनेची लय आणि स्वरपट्टी दोन्ही बदलतात. पुनर्मुद्रण करणारे तंत्रज्ञ रचना कोणत्या स्वरपट्टीत वाजवली असेल हे ठरवून त्यावरून मूळ वेग निश्चित करतात. ऑलिव्हर यांच्या तबकड्यांच्या काही जुन्या पुनर्मुद्रणांत वाद्यवृंद अवास्तव जलद किंवा मंद वाटतो, तो यामुळेच.

उत्तरकाळ

आर्थिक मतभेदांमुळे १९२४ च्या आरंभापर्यंत मूळ वाद्यवृंद फुटला. त्याच वर्षी आर्मस्ट्राँग न्यू यॉर्कला गेले. डिसेंबर १९२४ मध्ये ऑलिव्हर यांनी पियानोवादक जेली रोल मॉर्टन यांच्यासमवेत शिकागोच्या ऑटोग्राफ लेबलसाठी ‘किंग पोर्टर’ आणि ‘टॉम कॅट’ ही युगुलवादने मुद्रित केली. या लेबलचे चालक ऑर्लँडो मार्श हे विद्युत ध्वनिमुद्रणाच्या आद्य प्रयोगकर्त्यांपैकी होते. डिसेंबरअखेर लिंकन गार्डन्सला आग लागली.

१९२५ पासून ऑलिव्हर यांनी डिक्सी सिंकोपेटर्स हा सॅक्सोफोनांसह मोठा वाद्यवृंद उभा केला. त्याची ध्वनिमुद्रणे व्होकॅलियन आणि ब्रन्सविक लेबलांवर निघाली. ‘स्नॅग इट’ आणि ‘डिपर माउथ ब्लूज’चेच नवे रूप असलेले ‘शुगर फूट स्टॉम्प’ ही त्यांतील उल्लेखनीय होत. आता मायक्रोफोन आल्याने खर्ज आणि ताल स्पष्ट उमटू लागले होते. परंतु ब्रन्सविकच्या प्रकाशकिरणावर आधारित स्वतंत्र विद्युत पद्धतीचा दर्जा एकसारखा नव्हता. १९२९ ते १९३० या काळात व्हिक्टरसाठी केलेली मुद्रणे तांत्रिकदृष्ट्या त्यांच्या कारकिर्दीतील उत्कृष्ट मुद्रणांत मोडतात. मात्र तोवर हिरड्यांच्या विकारामुळे त्यांचे वादन क्षीण झाले होते आणि अनेक बाजूंवर कॉर्नेट-ट्रम्पेटचे प्रमुख काम इतर वादकांनी केले. एकल वादन नेमके कोणाचे, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. ऑलिव्हर यांचे वादन सर्वांत समर्थ होते तेव्हा यंत्र दुबळे होते आणि यंत्र सुधारले तेव्हा वादक थकला होता, ही बाब त्यांच्या मूल्यमापनातील मुख्य अडचण ठरली आहे.

१९२७ मध्ये न्यू यॉर्कमधील कॉटन क्लबचा प्रस्ताव मोबदला अपुरा वाटल्याने त्यांनी नाकारला. ती संधी ड्यूक एलिंग्टन यांना मिळाली. १९२८ मध्ये ऑलिव्हर यांच्या ‘वेस्ट एंड ब्लूज’ या रचनेचे आर्मस्ट्राँग यांनी केलेले ध्वनिमुद्रण रचनाकाराच्या स्वतःच्या मुद्रणापेक्षा कितीतरी अधिक गाजले. १९३१ नंतर ऑलिव्हर यांचे नवे ध्वनिमुद्रण झाले नाही. महामंदीच्या काळात दक्षिणेतील लहान शहरांतून केलेले दौरे बिघडणाऱ्या बस, बुडालेले पैसे आणि वादकांची गळती यांमुळे मोडकळीस आले. दात गेल्याने वादनही थांबले. अखेरीस सव्हाना येथे त्यांनी फळविक्री केली आणि नंतर एका पूल हॉलमध्ये झाडलोटीचे काम केले. एप्रिल १९३८ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या बहिणीने पार्थिव न्यू यॉर्कला नेले. ब्राँक्समधील वुडलॉन दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

संग्रहण आणि वारसा

ऑलिव्हर हलाखीत दिवस काढत असतानाच त्यांच्या जुन्या तबकड्यांचा शोध सुरू झाला होता. १९३० च्या दशकात अमेरिका आणि युरोपातील संग्राहक भंगारवाल्यांकडून आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत घरोघरी फिरून तबकड्या गोळा करू लागले. शार्ल दलोने यांनी १९३६ मध्ये जॅझ ध्वनिमुद्रिकांची सूची प्रसिद्ध केली. वादकांची नावे आणि मॅट्रिक्स क्रमांक नोंदवण्याची शिस्त अशा सूचींमुळे रुजली. १९३९ च्या ‘जॅझमेन’ या ग्रंथात ऑलिव्हर यांनी अखेरच्या काळात बहिणीला लिहिलेली पत्रे छापली गेली. त्यातून त्यांचे शेवटचे दिवस प्रथमच वाचकांसमोर आले. न्यू ऑर्लिन्स शैलीच्या पुनरुज्जीवनाला या ग्रंथाने चालना दिली.

त्यांच्या तबकड्यांपैकी सर्वांत दुर्मीळ आहे ती ऑक्टोबर १९२३ मध्ये मुद्रित झालेली जेनेट ५२७५. तिच्या एका बाजूस ‘झुलूज बॉल’ आणि दुसऱ्या बाजूस ‘वर्किंग मॅन ब्लूज’ आहे. तिची केवळ एकच प्रत उपलब्ध असल्याचे मानले जाते. ‘वर्किंग मॅन ब्लूज’ची ओकेवरील आवृत्ती टिकून आहे, परंतु ‘झुलूज बॉल’ दुसरीकडे कोठेही मुद्रित झाले नसल्याने ही रचना त्या एका झिजलेल्या प्रतीमुळेच ज्ञात आहे. पुढील सर्व पुनर्मुद्रणे त्याच प्रतीवरून घेतलेली आहेत.

जेनेट आणि पॅरामाउंटच्या मुद्रणांची आजची पुनर्मुद्रणे मूळ धातूच्या साच्यांवरून नव्हे, तर संग्राहकांनी जपलेल्या लाखेच्या तबकड्यांवरून केली जातात. विविध प्रती ताडून, योग्य वेग आणि खाचेला जुळणारी सुई निवडून तयार केलेल्या आवृत्त्यांमुळे दोन कॉर्नेटांचे परस्परांत गुंफलेले स्वर पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येऊ लागले आहेत. ‘कॅनल स्ट्रीट ब्लूज’चा समावेश अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत करण्यात आला आहे.