भास्कराचार्य आणि एका प्रश्नाची दोन उत्तरे

आपल्या बेटावरील मुले माध्यमिक शाळेत गेली की त्यांना वर्गसमीकरणे सोडविण्यासाठी अवयव पाडावे लागतात. पुष्कळांना हा भाग रुक्ष वाटतो. असेच प्रश्न गोष्टींच्या रूपाने शिकविणारे थोर गणिती भास्कराचार्य यांचे चरित्र आज आम्ही थोडक्यात देत आहोत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलविड हे आपले गाव, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग.

बीजगणितात माकडांच्या टोळीचा एक प्रश्न आहे. टोळीच्या आठव्या हिश्श्याच्या वर्गाइतकी माकडे वनात खेळत आहेत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. तर एकूण माकडे किती? आजच्या रीतीने मांडल्यास क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० असे समीकरण येते. ज्यांची बेरीज ६४ व गुणाकार ७६८, अशा संख्या १६ आणि ४८. म्हणून (क्ष − १६) व (क्ष − ४८) हे अवयव झाले. ताळा पाहिला तर दोन्ही उत्तरे बरोबर ठरतात. भास्कराचार्य मात्र अवयव न पाडता वर्ग पूर्ण करून उत्तर काढीत, आणि ती रीत श्रीधराचार्यांची आहे हेही ते मोकळेपणाने सांगत.

दुसऱ्या एका प्रश्नात टोळीच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करून जो वर्ग येईल तितकी माकडे गुहेत गेली आणि एकच फांदीवर दिसते. उत्तरे येतात ५० आणि ५. पण ५ चा पाचवा हिस्सा १. त्यातून ३ माकडे कशी वजा करणार? म्हणून ५ हे उत्तर त्यांनी सोडून दिले. रीतीने आलेले उत्तरही व्यवहाराच्या कसोटीवर घासून घ्यावे, ही त्यांची मोठी शिकवण होय.

वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ लिहिला. पुढे नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. चाळीसगावजवळ पाटण येथे त्याचा १२०७ चा शिलालेख आहे. लेख संस्कृतात असला तरी त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि मठासाठी कोणी काय द्यावे हे त्यात नमूद केले आहे. विद्या पंडितांनी जतन केली, पण तिच्या खर्चाचा भार साध्या लोकांनी उचलला.

आपल्या पूर्वजांच्या भाषेचा वर्ग चालविणाऱ्या कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. मुलगा अवयव पाडून दोन उत्तरे घेऊन आला, तर त्याला माकडांची ही गोष्ट सांगावी आणि विचारावे: यांतले कोणते खरे, आणि का?