घरची शिकवणी

लोकमान्य टिळकांचे चरित्र वाचताना मंडालेच्या तुरुंगापेक्षा माझे मन रत्नागिरीच्या घरातच अधिक रेंगाळते. 23 जुलै 1856 रोजी तेथे बाळचा जन्म झाला. वडील गंगाधरपंत पेशाने शिक्षक, संस्कृत व गणितात मुरलेले. मुलगा शाळेत जाई, पण खरा अभ्यास घरी. एक श्लोक पाठ केला की एक पै, अशी वडिलांची रीत होती म्हणतात. माझ्या घरी श्लोक ऐकून घेणारे कोणी नव्हते. मला ती पै फार मोठी वाटते.

1866 साली कुटुंब पुण्यास आले. त्याच वर्षी आई गेली. शाळेत खटके उडू लागले. तोंडी सुटलेले गणित वहीत कशाला मांडायचे, हे बाळला पटेना. मास्तरांचाही मला राग येत नाही. भरल्या वर्गात एकट्याची चाल कोण सांभाळणार?

1872 साली वडील वारले. त्याच वर्षी बाळ मॅट्रिक झाला, 1877 साली पहिल्या वर्गात बी. ए.

1880 साली चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढल्यावर टिळक स्वतः शिकवू लागले. गणितही बहुधा तोंडीच सोडवीत, असे सांगतात. घरी गंगाधरपंत नसलेली मागच्या बाकावरची मुले तेव्हा काय करीत असतील?