एका बिडीच्या ठेक्यामुळे भंडाऱ्यात पोटनिवडणूक लागली आणि बाबासाहेब दुसऱ्यांदा हरले, पण राज्यसभेत त्यांचा आवाज थांबला नाही

बाबासाहेबांना लोकसभेत कधीच निवडून जाता आलं नाही, हे बऱ्याच जणांना माहिती असतं. एकदा मुंबईत हरले, एकदा भंडाऱ्यात. पण भंडाऱ्यात ती निवडणूक लागलीच कशी, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. तिच्यात एक बिडी कारखाना आहे, एक महानुभाव पंथाचा माणूस आहे आणि थेट सुप्रीम कोर्ट आहे.

सुरुवात 1951 पासून करावी लागते.

हिंदू कोड बिल रखडलं म्हणून 27 सप्टेंबर 1951 ला बाबासाहेबांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. काही महिन्यांत देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने समाजवाद्यांशी युती केली आणि बाबासाहेब उत्तर मुंबईतून उभे राहिले. समोर काँग्रेसचे नारायण काजरोळकर होते. घटनेचा मसुदा करणारा माणूस सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरला. त्या मतदारसंघात सुमारे 74 हजार मतं बाद झाली होती. त्यावरून कोर्टकचेरी झाली, निकाल मात्र बदलला नाही.

मग उरला दुसरा दरवाजा, वरचं सभागृह. तेव्हा त्याला राज्यसभा म्हणत नसत, कौन्सिल ऑफ स्टेट्स असं नाव होतं. 216 जागा, त्यातल्या 12 राष्ट्रपतींनी नेमायच्या आणि बाकीच्या राज्यांतल्या आमदारांनी निवडून द्यायच्या. मुंबई विधानसभेत फेडरेशनचं बळ नगण्य होतं. इतर विरोधकांच्या मतांची साथ मिळाली आणि एप्रिल 1952 मध्ये बाबासाहेब खासदार झाले. 13 मे 1952 ला पहिली बैठक भरली. अध्यक्षपदी उपराष्ट्रपती राधाकृष्णन होते.

कालपर्यंत कायदामंत्री म्हणून विधेयकं मांडणारा माणूस आता विरोधी बाकावर बसून दुसऱ्यांच्या विधेयकांवर बोलणार होता.

आता भंडाऱ्याकडे येऊ.

भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. आजचा गोंदिया जिल्हाही भंडाऱ्यातच होता, तो वेगळा झाला 1999 मध्ये. तलावांचा, धानाचा आणि बिडीचा हा मुलूख. लोकसभेचा मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं. 1952 मध्ये सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले होते.

जसानी एका बिडी कंपनीत भागीदार होते आणि त्या कंपनीचा सरकारला बिड्या पुरवण्याचा करार होता. सैनिकांच्या कँटीनमध्ये त्या बिड्या जात. सरकारशी असा करार असलेल्या माणसाला निवडणूक लढवता येते का, हा पहिला प्रश्न होता.

दुसरा प्रश्न राखीव जागेचा होता. गंगाराम ठवरे यांचा अर्ज फेटाळला गेला होता. ठवरे जन्माने महार, पण महानुभाव पंथात गेलेले. हा पंथ जातिभेद मानत नाही, मग त्यात गेलेला माणूस अनुसूचित जातीचा राहतो का?

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि 15 फेब्रुवारी 1954 ला निकाल आला. लिहिला होता न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, जे आधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते, म्हणजे हा मुलूख त्यांना नवा नव्हता. कोर्टाने जसानींना अपात्र ठरवलं. ठवऱ्यांबद्दल सांगितलं की पंथ बदलला तरी व्यवहारात समाज त्यांना महारच मानतो आणि तेही स्वतःला तसंच मानतात, म्हणून अर्ज फेटाळणं चूक होतं. सगळी निवडणूकच रद्द झाली.

दोन्ही जागांसाठी पोटनिवडणूक लागली. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि राखीव जागेवर बाबासाहेब, अशी जोडी ठरली. तब्येत साथ देत नव्हती. मधुमेह जुना होता, पायांनी चालणं अवघड झालं होतं. तरी एप्रिलच्या उन्हात विदर्भात त्यांच्या सभा झाल्या. नेहरू सरकारच्या धोरणांवर, विशेषतः परराष्ट्र धोरणावर त्यांचा रोख होता. त्याच महिन्याच्या 29 तारखेला भारत आणि चीनने तिबेटबाबतच्या करारावर सह्या केल्या. त्यातूनच पंचशील हा शब्द घरोघरी गेला.

एक गोष्ट भंडाऱ्यात आजही सांगितली जाते. कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं की आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यावं आणि दुसरं कुजवावं, म्हणजे कुणाला फायदा होणार नाही. मुंबईतल्या बाद मतांचा अनुभव ताजा होता. बाबासाहेबांनी मात्र नकार दिला. ज्याने मताचा हक्क घटनेत लिहिला, त्यानेच लोकांना मत वाया घालवायला सांगायचं, हे त्यांना पटणारं नव्हतं.

निकाल लागला. मेहता जिंकले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी हरले. मतदार तेच होते, जोडीतला एक पास झाला आणि एक नापास. फेडरेशनची दुसरी मतं मेहतांकडे गेली, उलट दिशेने तेवढी आली नाहीत, असाच याचा अर्थ लावावा लागतो. दोन जागांची ही पद्धत 1961 मध्ये कायद्याने बंद झाली.

राज्यसभेचं सदस्यत्व शाबूत होतं. बाबासाहेब दिल्लीला परतले आणि रोजच्या कामाला लागले.

वरच्या सभागृहातलं काम म्हणजे दरवेळी गाजणारं भाषण नव्हे. अहवालावरची चर्चा, विधेयकातलं एखादं कलम, मंत्र्याला अडवणारा प्रश्न. 23 ऑगस्ट 1954 ला सभागृहाचं नाव राज्यसभा झालं आणि तीनच दिवसांनी बाबासाहेब परराष्ट्र धोरणावर बोलले. भंडाऱ्यातल्या सभांचा धागा त्यांनी तिथे पुढे नेला. तिबेटवर चीनचा ताबा मान्य करणं त्यांना घोडचूक वाटत होती. पुढे 1962 मध्ये काय झालं ते सगळ्यांना माहिती आहे.

6 सप्टेंबरला अनुसूचित जाती-जमातींच्या आयुक्तांच्या अहवालावर चर्चा होती. दलितांना जमीन द्यायची तर पैसा कुठून आणायचा? बाबासाहेबांनी सुचवलं की मिठावरचा कर पुन्हा लावा आणि त्या पैशातून गांधीजींच्या नावाने निधी उभारा. ज्या करासाठी दांडी यात्रा निघाली, तोच कर गांधींच्या नावाने! सूचना कुणी उचलली नाही, पण टोला कुणाला लागला हे सभागृहाला कळलं असणार.

सगळ्यात जास्त फिरतं ते त्यांचं 2 सप्टेंबर 1953 चं भाषण. आंध्र राज्याचं विधेयक चर्चेला होतं. नव्या राज्यात एकाच मोठ्या जातीच्या हाती सत्ता गेली तर लहान समाजांचं काय, म्हणून राज्यपालांना जास्त अधिकार द्या, अशी त्यांची मागणी होती. घटना तुम्हीच केली ना, असं कुणीतरी डिवचलं, तेव्हा ते भडकले आणि ती जाळायलाही आपण तयार आहोत असं बोलून गेले. सोशल मीडियावर एवढाच तुकडा फिरतो. 19 मार्च 1955 ला डॉ. अनुप सिंग यांनी त्यावर विचारलं तेव्हा बाबासाहेबांनी खुलासा केला होता. देवासाठी बांधलेल्या मंदिरात सैतान शिरले तर काय करायचं, असा त्याचा आशय होता. तो तुकडा मात्र कुणी फिरवत नाही.

ज्या हिंदू कोड बिलापायी मंत्रिपद सोडलं, त्याचे चार तुकडे 1955 आणि 1956 मध्ये कायदे होऊन गेले. तेव्हा बाबासाहेब राज्यसभेतले एक सदस्य होते.

डिसेंबर 1955 मध्ये भाषावार राज्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं. मराठी मुलखाची चार राज्यं करावीत असं त्यात होतं आणि भंडारा पूर्व महाराष्ट्रात धरला होता. तसं झालं नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला भंडारा मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला.

त्याच्या अठरा दिवस आधी, 14 ऑक्टोबरला, भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. आणि ठवऱ्यांच्या अर्जावर उठलेला प्रश्न आता लाखोंसमोर उभा राहिला. धर्म बदलला तर राखीव हक्क राहतो का? महानुभावांना कोर्टाने हो म्हटलं होतं. पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात धर्माची अट लिहिलेली होती. त्यात बौद्धांचं नाव यायला 1990 उजाडलं.

एप्रिल 1956 मध्ये बाबासाहेब दुसऱ्यांदा राज्यसभेवर गेले होते. 4 डिसेंबरला ते सभागृहात येऊन गेले. 6 डिसेंबरला अलीपूर रोडवरच्या घरी त्यांचं निधन झालं. दुसऱ्या मुदतीचे आठ महिने झाले होते.