सरखेल कान्होजी आंग्रे

आमच्या नव्या मुंबईची खाडी ज्या बंदरास मिळते, त्याच्या मुखाबाहेर दक्षिणेस खांदेरी बेट आहे. इंग्रजांनीं ज्यांस चांचे म्हणून बदनाम केलें, ते कान्होजी आंग्रे ह्या किनाऱ्याचे धनी होते. बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनें ते शाहू छत्रपतींच्या पक्षास मिळाले. त्यांच्या परवान्यावांचून जाणारीं जहाजें ते धरीत. ही जर चांचेगिरी, तर पोर्तुगीजही आपले परवाने सक्तीनें घ्यावयास लावीत, त्यास काय म्हणावें, हें आम्हांस उमगत नाहीं.

त्यांचें खरें बळ किनाऱ्याच्या ओळखींत होतें. त्यांच्या गुराबा व गलबतें उथळ पाण्यांत, खाड्यांत सहज शिरत. परक्यांचीं अवजड जहाजें बाहेरच अडत. १७१८ सालीं खांदेरीहून व १७२० सालीं विजयदुर्गाहून इंग्रज हात हलवीत परतले. १७२१ सालीं पोर्तुगीजांसह कुलाब्यावर चालून आलेला मॅथ्यूज पुढें १७४४ सालीं भूमध्यसमुद्रांत, तुलाँच्या लढाईंत, इंग्रजी आरमाराचा मुख्य होता. अलिबागेचा हा कोट ओहोटीस पायीं गांठतां येतो. तरी तो त्यास घेतां आला नाहीं.

१७२९ सालीं कान्होजी वारले. त्यांची समाधि अलिबागेस आहे, आणि १९९८ पासून खांदेरीस त्यांचेंच नांव आहे.