बाबासाहेब आणि कुजवलेली मते

भारताच्या निवडणूक कायद्याचे विधेयक संसदेत मांडून ते मंजूर करून घेणारे कायदामंत्री त्याच कायद्याखाली झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पराभूत झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या सार्वजनिक जीवनातील हा विरोधाभास फारसा चर्चिला जात नाही. घटनेचे शिल्पकार, महाडचे सत्याग्रही, धम्मचक्राचे प्रवर्तक ही त्यांची रूपे घरोघरी पोहोचली आहेत; पण मते मागत फिरणारा उमेदवार आणि सभागृहात बाकावरून सरकारला धारेवर धरणारा सदस्य हे रूप मात्र काहीसे मागे पडले आहे. त्यांच्या विधिमंडळीय कारकिर्दीची सुरुवात 1927 मध्ये झाली आणि 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे निधन झाले तेव्हाही ते राज्यसभेचे सदस्य होते. या जवळपास तीस वर्षांत थेट मतदारांपुढे ते केवळ तीनदा उभे राहिले. त्यात एकदाच जिंकले.

सुरुवात निवडणुकीने नव्हे तर नियुक्तीने झाली. मुंबईच्या गव्हर्नरांनी त्यांना मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलवर नेमले आणि फेब्रुवारी 1927 मध्ये त्यांनी शपथ घेतली. सरकारनियुक्त सभासदाने सरकारची री ओढावी, असा त्या काळचा रिवाज. बाबासाहेबांनी तो पाळला नाही. शेतजमिनीचे लहान तुकडे एकत्र करण्याच्या सरकारी विधेयकाला त्यांनी विरोध केला. अल्पभूधारकाचे दारिद्र्य तुकड्यांमुळे नसून शेतीवर पोसल्या जाणाऱ्या माणसांच्या संख्येमुळे आहे, ही त्यांची मांडणी होती. 1928 मध्ये गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. त्याच वर्षी महार वतनाच्या जाचातून सुटका करणारे विधेयक त्यांनी स्वतः मांडले. सरकारने नेमलेला हा सभासद सरकारच्या खिशात नव्हता, हे पहिल्या वर्षभरातच दिसून आले.

मतदारांचा पहिला कौल आला तो 1937 मध्ये. पुणे करारानुसार अस्पृश्यांसाठी राखीव जागा होत्या, मात्र अंतिम मतदान सर्व जातींचे मतदार करणार होते. ऑगस्ट 1936 मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि भायखळा-परळ या गिरणगावच्या मतदारसंघातून ते स्वतः उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्यासमोर उभा केलेला उमेदवार साधासुधा नव्हता. पळवणकर बाळू म्हणजे 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात गाजलेले डावखुरे फिरकी गोलंदाज, अस्पृश्य समाजातून वर आलेला देशातील पहिला मोठा क्रिकेटपटू. एकेकाळी त्यांचे नाव बाबासाहेबांपेक्षाही अधिक ठाऊक होते. चुरस झाली. बाबासाहेबांना 13 हजार 245 आणि बाळूंना 11 हजार 225 मते मिळाली.

या विजयात मतदानाच्या पद्धतीचाही वाटा होता. मुंबई इलाख्यात त्या वेळी एकत्रित मतदानाची पद्धत होती. मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळत आणि ती सर्व मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा असे. संख्येने अल्प पण एकजुटीच्या समाजाला आपला माणूस निवडून आणण्याचे हे साधन होते. पुढे हे साधन गेले आणि त्याचा परिणाम काय झाला, ते यथावकाश येईलच.

1937 नंतरची दोन वर्षे ही त्यांच्या विधिमंडळातील कामगिरीची सर्वात भरीव वर्षे म्हणावी लागतील. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस सरकारसमोर ते विरोधी बाकांवर होते. सप्टेंबर 1937 मध्ये त्यांनी कोकणातील खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी 1938 मध्ये कोकणातील हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. सरकारने विधेयक पुढे जाऊ दिले नाही. त्यानंतर आले औद्योगिक कलह विधेयक. संप करण्यावर कडक निर्बंध घालणाऱ्या या विधेयकाला बाबासाहेबांनी सभागृहात कडाडून विरोध केला. काम करण्यास नकार देणे हा कामगाराचा गुन्हा ठरवणे म्हणजे त्याला गुलाम करणे होय, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. विधेयक बहुमताने मंजूर झाले. तेव्हा लढा रस्त्यावर आला आणि 7 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्या संपात स्वतंत्र मजूर पक्षाच्या खांद्याला खांदा लावून कम्युनिस्टही उभे होते. चौदा वर्षांनी हेच कम्युनिस्ट बाबासाहेबांविरुद्ध मैदानात असणार होते.

मधल्या काळातील राजकारण वेगाने बदलले. 1942 मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. 1946 च्या प्रांतिक निवडणुकीत मात्र मुंबई इलाख्यात फेडरेशनला एकही जागा मिळाली नाही. अस्पृश्यांच्या प्राथमिक मतदानात पुढे असलेले उमेदवार सर्वांच्या अंतिम मतदानात मागे पडले. पुणे कराराने हातात दिलेली राखीव जागा दुसऱ्यांच्या मतांनी भरली जाते, हे बाबासाहेबांचे जुने गाऱ्हाणे होते. ते आता आकड्यांतून समोर आले.

घटना समितीचे सदस्य प्रांतिक विधिमंडळांनी निवडायचे होते. मुंबईत पक्षाचा एकही आमदार नाही म्हटल्यावर त्यांच्यासाठी तो दरवाजा बंदच होता. त्यांना घटना समितीत पाठवले ते बंगालने. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे मतांची जुळवाजुळव केली. फाळणीने ती जागाही गेली. तोपर्यंत घटना समितीतील त्यांच्या कामाची जाणीव काँग्रेसच्या नेत्यांनाही झाली होती. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या राजीनाम्याने मुंबईची जागा रिकामी होती. डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी खेर यांना पत्र लिहिले आणि जुलै 1947 मध्ये बाबासाहेब मुंबईतून निवडून गेले. ज्या काँग्रेसशी दहा वर्षे संघर्ष केला, तिच्याच आमदारांनी त्यांना निवडले. महिनाभरात ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

1951 चा लोकप्रतिनिधित्व कायदा कायदामंत्री या नात्याने त्यांनीच संसदेत मांडला. त्यात द्विसदस्य मतदारसंघांची तरतूद होती : एक जागा सर्वसाधारण, दुसरी राखीव. मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येणार नाहीत, असे कलम 63 सांगत होते. 1937 मध्ये ज्या एकत्रित मतदानाने त्यांना हात दिला, त्याला या कायद्यात स्थान नव्हते. सप्टेंबर 1951 मध्ये हिंदू कोड बिल अडल्यानंतर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि काही महिन्यांतच ते उत्तर मुंबई या द्विसदस्य मतदारसंघातून उभे राहिले.

फेडरेशनची समाजवादी पक्षाशी युती होती आणि सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता उमेदवार होते. काँग्रेसने राखीव जागेवर नारायण काजरोळकर यांना उभे केले. कम्युनिस्टांचे श्रीपाद अमृत डांगे हेही रिंगणात होते. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी मतपेटी असे. मतदाराने दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर एकच मत धरले जाई, दुसरे बाद होई. मराठीत या प्रकाराला मत कुजवणे असा नेमका शब्द रूढ झाला. आपल्या उमेदवाराला एक मत द्यायचे आणि दुसरे मत प्रतिस्पर्ध्याच्या उपयोगी पडू नये म्हणून कुजवायचे, हे तंत्र उघडपणे वापरले गेले.

निकाल लागला तेव्हा काजरोळकर यांना 1 लाख 38 हजार 137 आणि बाबासाहेबांना 1 लाख 23 हजार 576 मते होती. 14 हजार 561 मतांनी ते पराभूत झाले. सव्वा लाखाच्या आसपास मते मिळवणारा उमेदवार जनतेने झिडकारला असे म्हणता येणार नाही. त्यांनी आणि अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली. कम्युनिस्टांनी मते कुजवण्याचा प्रचार केल्याचा मुद्दा तीत होता. याचिका फेटाळली गेली. त्याच वर्षी मुंबई राज्याच्या विधानसभेने त्यांना राज्यसभेवर पाठवले.

राज्यसभेत बसूनही लोकसभेची ओढ सुटली नव्हती. 1954 मध्ये तशी संधी आली. भंडाऱ्याचे काँग्रेसचे खासदार चतुर्भुज जसानी सरकारला विड्या पुरवणाऱ्या पेढीत भागीदार होते. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या या प्रकरणामुळे तेथे मे महिन्यात पोटनिवडणूक झाली. हाही द्विसदस्य मतदारसंघ. राखीव जागेवर बाबासाहेब, सर्वसाधारण जागेवर पुन्हा अशोक मेहता, आणि समोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर.

येथे बाबासाहेबांच्या कार्यकर्त्यांनी मुंबईचा धडा गिरवायचे ठरवले. आपल्या मतदारांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुजवावे, म्हणजे राखीव जागा हमखास हाती येईल, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता. बाबासाहेबांनी मात्र त्याला साफ नकार दिला. मतदानाचा अधिकार घटनेने दिला तो वाया घालवण्यासाठी नव्हे; पराभव पत्करेन पण मते कुजवायला सांगणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. अनुयायांनी दुसरे मत मेहतांना दिले. मेहता निवडून आले. बाबासाहेब 8 हजार 381 मतांनी पडले. समाजवाद्यांची सगळी सवर्ण मते त्यांच्याकडे वळली नव्हती, हे उघड होते.

ज्याने स्वतःवर झालेल्या अन्यायाची तक्रार न्यायाधिकरणापर्यंत नेली, त्याने दोन वर्षांनी तेच हत्यार आपल्या हाती येऊनही म्यान केले. व्यवहारी राजकारणाच्या मापाने हा मोठा तोटा होता. लोकसभेत ते कधीच पोहोचले नाहीत.

राज्यसभेत मात्र त्यांचा आवाज क्षीण झाला नाही. 1953 मध्ये आंध्र राज्य विधेयकावर बोलताना त्यांनी स्वतः घडवलेल्या घटनेवरही टीका केली, तेव्हा सभागृह चकित झाले. 1955 मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने विधिमंडळातील राखीव जागाच रद्द कराव्यात, असा ठराव केला. त्याच वर्षी भाषिक राज्यांवरील आपल्या पुस्तिकेत बाबासाहेबांनी दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि एकत्रित मतदान यांचा पुरस्कार केला, म्हणजे 1937 च्या भायखळ्याकडेच ते परतले.

1957 च्या निवडणुकीत द्विसदस्य पद्धतीचा फटका दुसऱ्या टोकाला बसला. आंध्रात पार्वतीपूरम येथे व्ही. व्ही. गिरी यांच्यापेक्षा अधिक मते मिळवून अनुसूचित जमातीचे दोन्ही उमेदवार निवडून आले आणि सर्वसाधारण जागाही गिरींच्या हातून गेली. 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. त्यानंतर संसदेने हालचाल केली आणि 1961 मध्ये कायदा करून द्विसदस्य मतदारसंघ रद्द केले. बाबासाहेबांच्या निधनाला तेव्हा चार वर्षे उलटून गेली होती.